‘व्यक्ती’ या शब्दात कोण कोण बसतं? : कायद्याच्या वर्गातल्या स्त्रियांच्या तीन पिढ्या



आजचं व्याख्यान इतिहासाचं आहे. पण मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे एक सवय सुटत नाही. कुठल्याही विषयाकडे जाताना मी आधी शब्द तपासते. आजचा शब्द आहे ‘व्यक्ती’. साधा शब्द आहे, आपण दिवसातून दहा वेळा वापरतो. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या देशातल्या उच्च न्यायालयांनी या शब्दावर गंभीरपणे विचार केला आणि निर्णय दिला की कायद्याची पदवी घेतलेली स्त्री वकिलीच्या सनदेपुरती या शब्दात बसत नाही. त्या निर्णयाकडे मी येणारच आहे.

माझं म्हणणं थोडक्यात आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला तपासून घेता येईल. कायदा शिकायला आलेल्या स्त्रियांच्या, ढोबळमानाने, तीन पिढ्या झाल्या. पहिलीचा झगडा दाराशी होता. दुसरी आत आली, पण पाहुणी म्हणून. तिसऱ्या पिढीने वर्गाची भरपूर बाकं व्यापली. आपण हा इतिहास ‘दार उघडलं’ इथे संपवतो, सत्कार करतो आणि घरी जातो. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. वर्गात काय शिकवलं जातं, कुणाच्या नजरेतून शिकवलं जातं, हे आत आलेल्या स्त्रियांमुळे बदललं का? माझं उत्तर आहे, बदललं, पण आपोआप नाही. बाकं भरल्यामुळे बदललं नाही. काही स्त्रियांनी, आणि काही पुरुषांनीही, वर्गात कुणी न विचारलेला प्रश्न विचारला, तेव्हा बदललं.

पहिल्या पिढीची सुरुवात आपल्याकडूनच होते. कॉर्नेलिया सोराबजी. जन्म १८६६, नाशिक. वडील पारशी कुटुंबातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक, आईने पुण्यात शाळा काढलेल्या. कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली. वर्गातली मुलं तिच्या तोंडावर दार लावून घेत, असं तिच्याविषयी लिहिलं गेलं आहे. तिने पदवी परीक्षेत असं यश मिळवलं की इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिलाच मिळायला हवी होती. मिळाली नाही, कारण ती स्त्री. मग इंग्लंडमधल्या काही मंडळींनी वर्गणी काढली. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाली.

तिथे तिला एक मोठा पाठीराखा भेटला, बेंजामिन जॉवेट. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे नाव परिचयाचं असेल. प्लेटोचे संवाद इंग्रजीत आणणारे हेच. आता बघा, प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या पाचव्या भागात सॉक्रेटिस एक गमतीदार युक्तिवाद करतो. स्त्री आणि पुरुष यांच्यात फरक आहे, म्हणून त्यांची कामं वेगळी, असं कुणी म्हणालं, तर विचारा, कुठला फरक? टक्कल असलेला आणि भरपूर केस असलेला माणूस यांच्यातही फरक असतो. म्हणून टकल्यांनी जोडे शिवायचे आणि केसवाल्यांनी शिवायचे नाहीत, असं आपण म्हणतो का? फरक असून चालत नाही. तो त्या कामाशी संबंधित फरक असावा लागतो. हा युक्तिवाद ज्याने इंग्रजीत आणला, तोच माणूस सव्वादोन हजार वर्षांनी नाशिकच्या एका मुलीच्या बाजूने उभा राहिला.

आणि पाठीराख्याची गरज पडलीच. १८९२ साली बी. सी. एल. या कायद्याच्या परीक्षेला बसायची वेळ आली, तेव्हा स्त्रीने पुरुषांबरोबर बसून ही परीक्षा द्यावी का, असा पेच उभा राहिला. विद्यापीठाला त्यासाठी खास ठराव करावा लागला. ती बसली, तिसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाली. ही परीक्षा देणारी ती पहिली स्त्री. पण पदवी? ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नव्हतं. ते सुरू झालं १९२० मध्ये. कॉर्नेलियाला पदवी मिळाली १९२२ साली. परीक्षा आणि पदवी यांच्यात तीस वर्षं. छब्बिसाव्या वर्षी दिलेल्या परीक्षेचं प्रमाणपत्र घ्यायला ती पंचावन्न ओलांडून गेली.

मधल्या काळात ती भारतात परतली. १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. झाली, १८९९ मध्ये अलाहाबादची वकिलीची परीक्षाही दिली. तरी सनद नाही. १९०४ पासून बंगालच्या ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’मध्ये तिला पडद्यातल्या जमीनदार स्त्रियांची सल्लागार म्हणून नोकरी मिळाली. पुरुष वकील ज्यांच्यापर्यंत पोचूच शकत नव्हता, अशा शेकडो विधवा आणि अनाथ मुलांच्या मालमत्तेचे प्रश्न तिने हाताळले. तिची राजकीय मतं ब्रिटिशधार्जिणी होती, स्वातंत्र्यचळवळीवर तिचा विश्वास नव्हता. हे लपवायचं कारण नाही. आपल्याला पटतील अशाच माणसांनी इतिहासातली दारं ढकललेली असतात, असं काही नाही.

आता त्या शब्दाकडे येऊ. १९१६ साल, कलकत्ता उच्च न्यायालय. रेजिना गुहा या तरुणीने एम. ए. आणि बी. एल. केलेलं. तिने सनदेसाठी अर्ज केला. १८७९ च्या कायद्यात वकील होण्यास पात्र कोण, तर ‘व्यक्ती’. आणि कायद्यांच्या वाचनाचा एक सर्वसाधारण नियम आहे की पुल्लिंगी शब्दात स्त्रीही येते, संदर्भाला बाध येत नसेल तर. म्हणजे अर्जाची बाजू भक्कम. पूर्णपीठ बसलं, आणि निर्णय झाला, नाही. का? तर कायदा करणाऱ्यांच्या मनात स्त्री वकील ही कल्पनाच नव्हती. इंग्लंडमध्ये ग्विनेथ बेब या स्त्रीच्या बाबतीत नुकताच असाच निकाल लागला होता. १९२१ मध्ये सुधांशुबाला हाजरा पाटणा उच्च न्यायालयात गेल्या, तिथेही नकारच.

या युक्तिवादाचा आकार लक्षात घ्या, कारण तो आजही वेगवेगळ्या वेशात भेटतो. आजवर नव्हत्या, म्हणून अभिप्रेत नव्हत्या. अभिप्रेत नव्हत्या, म्हणून यापुढेही नाहीत. वहिवाट हाच पुरावा आणि वहिवाट हाच निष्कर्ष. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने असं लिहिलं तर आपण गुण कापू. आणि हे लिहिणारी माणसं त्या काळची सर्वांत कुशाग्र माणसं होती. विद्यापीठाने पदवी दिलेली होती हेही विसरू नका. शिक, पण वापरू नकोस, असा तो न्याय.

त्याच १९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉर्नेलियाला सनद दिली. म्हणजे तोच कायदा, तोच शब्द, पण पाटण्यात बाई ‘व्यक्ती’ नाही आणि अलाहाबादेत आहे. हा गोंधळ संपवायला १९२३ चा ‘लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) ॲक्ट’ आला. केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून कुणाला वकिलीस अपात्र ठरवता येणार नाही, एवढंच तो सांगतो. दार उघडलं.

आता दुसरी पिढी. मिठन टाटा, लग्नानंतर मिठन लाम. जन्म १८९८. १९१९ मध्ये आई हेराबाईंबरोबर त्या लंडनला गेल्या, भारतीय स्त्रियांना मताधिकार मिळावा ही बाजू तिथल्या समितीपुढे मांडायला. मग तिथेच राहून बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागल्या. त्यांना सुरुवातीला मिळालेल्या एका कामाची हकिकत सांगितली जाते. पक्षकाराची बाजू इतकी भक्कम होती की तो जिंकणारच होता. त्याने मुद्दाम बाई वकील केली, कारण प्रतिपक्षाला बाईकडून हरल्याची नामुष्की सोसावी लागावी. ऐकून हसू येतं. पण यातच दुसऱ्या पिढीची सगळी अवस्था आहे. प्रवेश आहे, पण तिच्या हजेरीचा अर्थ दुसरेच कुणी ठरवतात. तरी याच मिठन लाम पुढे मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाल्या. विद्यार्थी म्हणून अपवाद असलेली स्त्री शिक्षकाच्या जागी उभी राहिली, हे माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. का, ते पुढे येईल.

या पिढीत एकीचं यश दुसरीच्या घरात कसं पोचतं, तेही बघण्यासारखं आहे. केरळात ॲना चांडी कायदा शिकल्या आणि १९३७ मध्ये मुन्सफ झाल्या, १९५९ मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश. त्यांचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून एका वडिलांनी, रसायनशास्त्र शिकू पाहणाऱ्या आपल्या मुलीला कायद्याकडे वळवलं. ती मुलगी फातिमा बीवी. त्रिवेंद्रमला कायदा शिकल्या, १९५० मध्ये बार कौन्सिलच्या परीक्षेत पहिल्या आल्या आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. लीला सेठ तर लंडनला संसार आणि मूल सांभाळत बारच्या परीक्षेत पहिल्या आल्या. परतल्यावर कलकत्त्याच्या ज्या मोठ्या बॅरिस्टरांकडे काम मागायला गेल्या, त्यांनी आधी लग्न कर म्हटलं, मग मूल होऊ दे म्हटलं, मग दुसरं होऊ दे. प्रत्येक वेळी यांचं उत्तर एकच, ते झालेलं आहे. शेवटी त्यांनी चेंबरमध्ये घेतलं. गंमत म्हणून ही गोष्ट सांगतात, पण यातला एकही प्रश्न कायद्याविषयी नव्हता, हे बघा.

हे केवळ आपल्याकडे होतं असं नाही, म्हणून थोडं अमेरिकेत जाऊन येऊ. तिथे जायचं आणखी एक कारण आहे. कायद्याच्या वर्गात नेमकं काय घडतं, याचा अभ्यास तिथे बारकाईने झाला. हार्वर्डच्या विधी शाखेने स्त्रियांना १९५० पासून घेतलं. रूथ बेडर गिन्सबर्ग १९५६ मध्ये तिथे गेल्या, तेव्हा पाचशेहून अधिक विद्यार्थ्यांत नऊ मुली होत्या. डीनने त्या नऊजणींना जेवायला बोलावलं आणि विचारलं की एका पुरुषाला मिळू शकणारी जागा तुम्ही का घेतलीत? ‘तुम्ही पात्र आहात का’ हा प्रश्न संपलेला होता. आता ‘तुम्ही का’ हा प्रश्न होता. दाराशी झालेला नकार निदान लेखी असतो, त्याविरुद्ध अपील करता येतं. जेवणाच्या टेबलावरच्या प्रश्नाविरुद्ध अपील कुठे करणार?

अमेरिकेतल्या वर्गात एक पद्धत आहे, तिला ते ‘सॉक्रेटिक मेथड’ म्हणतात. १८७० नंतर हार्वर्डमध्ये लँगडेलने ती रुजवली. प्राध्यापक एखाद्याला उभं करतो, एका खटल्यावरून प्रश्नांमागून प्रश्न विचारतो, अडकवतो, पुन्हा विचारतो. आपल्या नव्या विधी विद्यापीठांतही तिचे पडसाद आले. १९९४ मध्ये लानी ग्विनियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या विधी शाखेचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रवेशाच्या वेळी मुली आणि मुलगे गुणवत्तेत जवळपास सारखे. पहिल्या वर्षाच्या शेवटी मात्र पहिल्या दहा टक्क्यांत येण्याची शक्यता मुलग्यांची मुलींच्या तिप्पट. मुली वर्गात कमी बोलत. सामाजिक कामासाठी कायदा शिकायला आलेल्यांपैकी अनेकींनी तीन वर्षांत ती इच्छा सोडून दिलेली. ग्विनियर स्वतः येल विद्यापीठात शिकत होत्या तेव्हा त्यांचे एक प्राध्यापक मुलींसकट सगळ्या वर्गाला ‘सभ्य गृहस्थहो’ म्हणून संबोधत. त्या लेखाचं शीर्षक तिथूनच आलं आहे.

सॉक्रेटिसाची एक विद्यार्थिनी म्हणून मला इथे हरकत नोंदवायची आहे. सॉक्रेटिस दुसऱ्याला अडवायचा, खरं आहे. पण ‘मला माहीत नाही’ ही त्याची सुरुवात असायची. आणि ‘सिंपोझियम’मध्ये तो सांगतो की प्रेमाविषयी मी जे शिकलो ते डायोटिमा नावाच्या एका स्त्रीकडून. तिथे प्रश्न ती विचारते आणि अडकतो तो. हा अर्धा सॉक्रेटिस विधी शाखेच्या वर्गाने घेतलाच नाही.

मीही काही वर्षं एका विधी महाविद्यालयात विधिशास्त्र शिकवायला जात असे. मूट कोर्टच्या स्पर्धेत परीक्षक मुलींना हमखास सांगत, आवाज जरा भारदस्त करा. मुलग्यांना सांगत, मुद्दा नीट मांडा. दोन्ही सल्ले चांगल्या मनाने दिलेले. पण एकाला युक्तिवाद सुधारायला सांगितलं आणि दुसरीला स्वतःला.

आता मूळ प्रश्नाकडे येते. या वर्गात शिकवलं जातं ते कुणाच्या नजरेतून? कायद्यात एक काल्पनिक माणूस असतो, सारासार विचार करणारा, सामान्य सुज्ञ माणूस. तो अशा प्रसंगी कसा वागला असता, हे बघून न्यायाधीश ठरवतात. प्रश्न असा, की अंधारात पोलीस ठाण्यात एकट्या अडकलेल्या मुलीच्या जागी तो सुज्ञ माणूस उभा राहू शकतो का?

हे उदाहरण काल्पनिक नाही. १९७२ साली आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. तो मथुरा प्रकरण म्हणून ओळखला जातो. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं. नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं आणि सांगितलं की निमूटपणे शरण जाणं म्हणजे संमती नव्हे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे विरोध नव्हता, असा सूर.

सप्टेंबर १९७९ मध्ये कायद्याच्या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. दिल्लीचे उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर. पुण्याच्या वसुधा धगमवार. लोतिका सरकार केंब्रिजहून कायद्यातली डॉक्टरेट घेणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री, दिल्लीच्या विधी शाखेतल्या पहिल्या महिला शिक्षक. म्हणजे दुसऱ्या पिढीतली पाहुणी आता शिक्षक झालेली होती. मिठन लाम यांच्या प्राध्यापकपदाला मी महत्त्व दिलं ते यासाठी. विद्यार्थी असताना जो प्रश्न गिळावा लागतो, तो शिक्षक झाल्यावर फळ्यावर लिहिता येतो. त्या पत्रातला प्रश्न निव्वळ तात्त्विक होता. संमतीत शरण जाणं असू शकेल, पण प्रत्येक शरण जाण्यात संमती असते का? तिचं वय, तिची गरिबी, समोर वर्दी, बंद दार, हे सगळं पुराव्यात धरायचं की नाही?

देशभर मोर्चे निघाले, स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या अत्याचारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि तिने ‘माझी संमती नव्हती’ असं न्यायालयात सांगितलं, तर संमती नव्हती असंच गृहीत धरायचं, अशी तरतूद पुरावा कायद्यात आली. पुढे १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयी ‘विशाखा’ निकाल आला. त्या पीठावर न्यायमूर्ती सुजाता मनोहर होत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश, आणि आमच्यासाठी अभिमानाची गोष्ट म्हणजे ऑक्सफर्डला त्या तत्त्वज्ञानही शिकलेल्या.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. न्याय निःपक्षपाती असायला हवा. उद्या प्रत्येकजण आपला अनुभव घेऊन वर्गात आणि न्यायालयात आला, तर कायदा राहील कुठे? माझं उत्तर असं. अनुभव हा पुरावा नव्हे, हे मान्य. अनुभव प्रश्न देतो, निर्णय युक्तिवादानेच करायचा. त्या चौघांनी ‘ती स्त्री आहे म्हणून विश्वास ठेवा’ असं लिहिलं नाही. त्यांनी निकालातली तर्काची फट दाखवली. त्या चौघांत दोन पुरुष होते, तेव्हा एकदा प्रश्न दिसला की तो कुणालाही विचारता येतो. पण तो दिसायला त्या खोलीत वेगळ्या जागेवरून बघणारं कुणीतरी असावं लागतं. निःपक्षपातीपणा म्हणजे कुणाचीच नजर नसणं नव्हे. तशी नजर नसतेच. जिला आपण तटस्थ म्हणत होतो, ती एका विशिष्ट घरातल्या, विशिष्ट जातीतल्या पुरुषाची होती, एवढंच.

हे स्त्रियांच्या बाबतीतही म्हटलं पाहिजे. पहिल्या दोन पिढ्यांतली मी घेतलेली नावं बघा. बहुतेक शिकलेल्या, इंग्रजी जाणणाऱ्या, परदेशी जाऊ शकणाऱ्या घरांतल्या. तिसऱ्या पिढीत, म्हणजे १९८७ मध्ये बंगळूरला राष्ट्रीय विधी विद्यालय स्थापन झालं तेव्हापासून, मुलींची संख्या खूप वाढली. पण तिथली प्रवेश परीक्षा इंग्रजीत, शुल्क वर्षाला लाखांत. गडचिरोलीची मुलगी आजही त्या कायद्याच्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून येण्यापेक्षा खटल्याचं नाव म्हणून येण्याचीच शक्यता जास्त आहे. हे वाक्य मला बोलायला आवडत नाही, पण ते खरं आहे.

आणि वर्गातून बाहेर पडल्यावर? २०२१ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश रमणा यांनी जाहीर भाषणात सांगितलं की देशातल्या सतरा लाख वकिलांपैकी स्त्रिया फक्त १५ टक्के. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयात एकाच दिवशी तीन महिला न्यायाधीशांनी शपथ घेतली, आणि तरीही एकूण तेहेतीस न्यायाधीशांत त्या चारच झाल्या. वर्गात दिसतात त्या मुली मधे जातात कुठे? सुरुवातीची वर्षं सिनियर जवळपास काहीच देत नाहीत, तेव्हा घर कोण चालवणार? तालुक्याच्या कोर्टात स्वच्छतागृह नसतं. बाळंतपणानंतर दोन वर्षांनी परत आलं तर अशील दुसरीकडे गेलेले असतात. यातला एकही अडथळा कायद्यात लिहिलेला नाही. म्हणूनच १९२३ सारखा एक कायदा करून तो दूर होत नाही.

तुमच्यापैकी काहींच्या घरात कायदा शिकणारी मुलगी, सून, नात असेल. तिला निकाल काय लागला, गुण किती, हे आपण विचारतोच. एकदा हेही विचारा की वर्गात विचारावासा वाटला आणि विचारला नाहीस, असा कुठला प्रश्न होता? आणि तिने सांगितला, तर लगेच उत्तर देऊ नका. ऐकून घ्या.

वेळ संपत आली आहे. प्रश्न असतील तर आयोजकांकडे लिहून द्या, पुढच्या सत्रात घेऊ.